मानेवरचं कुंकू
पाइनच्या ओल्या फळ्यांचा वास आला की मला शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना आठवतो. परदेशी यंत्राच्या पाइनच्या खोक्यातून लांब मिशांचा, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगा निघाला होता. कीड बाहेरची ठरली तर यंत्र अडकणार होतं आणि तपासायला आलेली मी सरकारी कीड-तपासणीस, नवखी. "आपल्या आंब्याचं खोड पोखरतो तोच हा. यंत्र सोडायच्या कागदावर करा सही," मॅनेजर म्हणाले. तेवढ्यात खोकं उघडणारा पिशोर गावचा कामगार वाकून म्हणाला, "आंब्यावरल्याच्या मानेवर कुंकवाची दोन बोटं लावल्यावाणी खुणा असतेत, मॅडम. ह्याला नाय." मॅनेजरनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मी भिंगातून भुंग्याची मान बघितली, खुणा नव्हत्या. सही केली नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर तो कामगार कामावर नव्हता. नमुना म्हणून जपलेल्या त्या भुंग्याच्या डबीवर 'ओळख पटवणारे' यापुढं आजही माझंच नाव आहे.