अहवालातलं एकच नवीन पान

खांदा कॉलनीतल्या टायपिंगच्या दुकानात बसणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या विज्ञान संस्थेचा वार्षिक अहवाल दर वर्षी त्याच टाइप करतात. यंदा मी खुर्ची ओढायच्या आत त्यांनी गेल्या वर्षीची फाइल उघडली.

"साल बदलू ना फक्त, सर?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, वर्षभर राबलोय आम्ही! मी सांगतो ते नवीन टाइप करा."

मी तावातावाने सांगू लागलो. संशोधकांसाठी ग्रंथालय लवकरच खुलं होईल. त्यांनी पेनाच्या टोपणाने स्क्रीनवर टकटक केलं. "हाय यात."

तरुण संशोधकांना सूक्ष्मदर्शक वापरायला मिळेल. टकटक. "हे पन हाय."

नियतकालिकाचा रखडलेला अंक छपाईच्या वाटेवर आहे. आता त्यांनी टोपणही उचललं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी वैतागून हातातले कागद टेबलावर आपटले. त्या शेवटच्या पानावर गेल्या, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाल्या, "श्रद्धांजलीचं पान तेवढं नवीन करायला लागंल ना, सर?"

मी खिशातली तीन नावांची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. त्यातल्या पहिल्या माणसाचा लेख त्या रखडलेल्या अंकात आहे.