गोधडीतलं हॉल तिकीट

माझ्या हॉल तिकिटावरच्या फोटोला नथ होती.

नव्वदीतली गोष्ट. मी शहापूरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि त्याहून जास्त कबड्डीच्या संघात होतो. सरांनी बजावलं होतं, पेपर बुडवणारा मुरबाडच्या स्पर्धेला येणार नाही. आणि मुरबाडला तर जिल्ह्याच्या संघाची निवड व्हायची होती! म्हणून मी भलताच शहाणपणा करून हॉल तिकीट सरावाच्या जुन्या पॅन्टच्या खिशात, चेन लावून ठेवलं. दोन्ही गुडघे फाटलेल्या पॅन्टला कोण हात लावणार?

आई. (एप्रिल होता. पावसाळ्याआधी आमच्याकडे बायका गोधड्या शिवायला बसतात, आणि तेव्हा घरातल्या फाटक्या कपड्याची धडगत नसते.)

पेपरच्या दिवशी सकाळी मी दोरीवर, पेटीत, अगदी गोठ्यातसुद्धा पॅन्ट शोधली.

"फाटकी व्हती ना रे, मग गोधडीत लावली. फेकू काय?" आई म्हणाली.

दोघं अंगणात बसून गोधडी चाचपू लागलो. खिसा हाताला लागला तोच फाट्यावरून शहापूरला जाणाऱ्या जीपचा हॉर्न वाजला. मी ब्लेड घेतलं.

"ब्लेड नाय लावायचं. चल," म्हणून आईने गोधडी काखेत मारली आणि माझ्याआधी जीपमध्ये जाऊन बसली.

शहापूरपर्यंत ती सुईच्या टोकाने एकेक टाका उसवत होती. गोधडीचं एक टोक भातसानगरच्या एका मास्तरांनी धरलं होतं, दुसरं करवंदांच्या टोपलीवालीने. ड्रायव्हर तर खड्डा आला की आईची माफी मागत होता! तिकीट निघालं तेव्हा फोटोत माझ्या नाकातून लाल दोरा आरपार गेलेला होता.

पर्यवेक्षकांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि आत सोडलं.

तीन तासांनी बाहेर आलो, तर आई गेटजवळच्या झाडाखाली तीच पॅन्ट पुन्हा गोधडीत शिवत होती. एरवी कबड्डीच्या नावाने रोज बोटं मोडणारी बाई! पेपर कसा गेला, हे तिने विचारलंच नाही.

"आता तुला खेळू देतील ना रे?"

खेळू दिलं. निवडही झाली. (पेपरात काठावर पास.)

आता आई नाही. तिचा तो प्रश्न पुन्हा कानावर पडावा असं फार वाटतं. त्यासाठी मी सगळे पेपर पुन्हा द्यायला तयार आहे. गोधडी माझ्याकडे आहे. रोज पहाटे पळायला जायचं ठरवतो आणि तीच अंगावर ओढून घेतो. पोट एवढं सुटलंय, पण ती पॅन्ट मला अजून होते!