तिच्या फायली माझ्या नावावर

आमच्या पिंपळे गुरवच्या घरातला कॉम्प्युटर खरा बायकोचा. मी चाकणच्या एका कंपनीत, ती शाळेत गणित शिकवायची. विंडोजऐवजी लिनक्स तिनेच हौसेने घातलं होतं. दर रविवारी चहा झाला की बाहेरची डिस्क जोडून ती सगळ्याचा बॅकअप घ्यायची. मी पेपर वाचत बसायचो.

ती गेल्यावर डिस्क कुणी जोडलीच नाही. दीड वर्षाने कॉम्प्युटर बंद पडला तो कायमचा. त्या दीड वर्षात मी रोज तिला उद्देशून चार ओळी लिहीत होतो. त्या सगळ्या गेल्या.

नवा लॅपटॉप आणला. मोशीला राहणाऱ्या मुलीने येऊन त्यावर लिनक्स घातलं, माझं खातं उघडलं आणि डिस्कवरचं सगळं उतरवून घेतलं. शेवटचा बॅकअप रविवारचा होता. मंगळवारी बायकोला दवाखान्यात नेलं होतं. एका फाईलमध्ये तिने पुढच्या आठवड्याची कामं लिहिली होती : बुधवारी गॅस, शुक्रवारी दहावी ‘ब’ची चाचणी. त्या डिस्कच्या लेखी ती अजून गेलेलीच नव्हती.

मुलगी एकदम थांबली. “बाबा, आईच्या सगळ्या फायली तुमच्या नावावर दिसतायत.”

“असं कसं?”

“फायलीवर नाव नसतं, मालकाचा नंबर असतो. जुन्या कॉम्प्युटरवर पहिला नंबर आईचा होता, दुसरा तुमचा. इथे पहिला तुम्हाला मिळाला.”

“आणि माझ्या फायली?”

“त्यांच्यापुढे नुसता नंबर आहे. त्या नंबरचं इथे कुणीच नाही.”

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

“एका कमांडचं काम आहे,” ती म्हणाली. “सगळंच तुमच्या नावावर ठेवू?”

“नको. तिचं खातं उघड.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. “पासवर्ड?”

“तूच ठेव. मला सांगू नकोस.”

आता बॅकअप रोज दुपारी आपोआप होतो. दुसरी डिस्क मोशीला असते. मुलगी महिन्यातून एकदा ती आणते, भरून नेते आणि दोन-चार फायली परत उघडतात का ते तपासते. तिच्या आईच्या खात्यात नवं काहीच होत नाही, तरी त्याचीही प्रत निघते.

लॅपटॉप सुरू केला की दोन नावं दिसतात. परवा माझ्या हातून बायकोचं नाव दाबलं गेलं. पासवर्डची रिकामी चौकट समोर आली. मी ती बराच वेळ तशीच राहू दिली.