पाहुणीच्या ताटातली वाम

मला पाल्हाळ सहन होत नाही. वर्गात एखादं पोर "सर, काल काय झालं ना" असं सुरू झालं की मी म्हणतो, "शेवटून सांग." बायको बहिणीशी फोनवर बोलत असली की मी मधेच तोंड घालतो, "तात्पर्य काय?" त्यावर ती मला जे ऐकवते ते इथे लिहिण्यासारखं नाही. सांगायचं एवढंच, की माझ्यासारख्या माणसाला दुभाष्या करणं हीच मुळात चूक होती. पण इंग्रजी बोलता येणारा, आणि नदीकाठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरी न विचारता जाऊन चहा पिणारा, असा पोंभुर्ण्यात मीच सापडलो.

समुद्राचा अभ्यास करणारी एक बाई केरळच्या किनाऱ्यावरून आमच्याकडे आली होती. आमच्याकडे, म्हणजे जिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. पहिल्याच भेटीत मी तिला म्हणालो, "मॅडम, तुम्ही रस्ता चुकलात." तिने पुढे वाहणाऱ्या वैनगंगेकडे बोट केलं आणि म्हणाली, "हाच रस्ता आहे." मला वाटलं, बाई बोलायला पक्की आहे, आपलं जमेल.

आमच्या नदीत सापासारखा लांब मासा मिळतो, त्याला सगळेच वाम म्हणतात. पण त्यात दोन जाती. एकीचं तोंड टोकदार आणि पाठीवर काटे. ती बाजारात नेहमी दिसते. दुसरी गुळगुळीत, मनगटाएवढी जाड, अंगावर पिवळट नक्षी, ती क्वचित. बाईला ही दुसरी हवी होती, आणि जिवंत हवी होती. खाली सिरोंच्याच्या पुढे नदीवर बंधारे झाले आहेत. ते ओलांडून ही वाम समुद्रापर्यंत पोचते का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी बोटाच्या पेराएवढं एक यंत्र तिच्या पिशवीत असे. ते वामीच्या पोटात बसवायचं, टाका घालायचा आणि तिला परत पाण्यात सोडायचं. खाली नदीत ठिकठिकाणी ते यंत्र ऐकणारी दुसरी यंत्रं बसवलेली होती. एक वाम पुरे होती. पण ती एक काही मिळत नव्हती.

म्हणून वर्षभर, बाई फेरीवर आली की, आम्ही एका ढिवराच्या डोंग्यात बसून नदीभर फिरायचो. त्याला सगळे भाऊ म्हणायचे. माझ्याच वयाचा, अंगाने आडदांड, हौशी आणि थोडा बढाईखोर. तुम्ही मासा सांगा, आपण आणलाच समजा, असा त्याचा खाक्या. तो डोंगा चालवायचा, बाई बोलायची आणि मी मधे बसायचो.

ती काय बोलायची! अर्धं आयुष्य पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली काढलेलं. ती सांगायची, खाली एका खोलीनंतर लाल रंगच उरत नाही, आपलं रक्तसुद्धा हिरवट दिसतं. जाळ्यात गुरफटलेली कासवं तिने हाताने सोडवली होती, आणि त्यातलं एक तिच्या मांडीवरच गेलं, हे सांगताना ती पाण्याकडे बघत राहिली होती. आणि या वामीबद्दल तर तिला किती सांगू असं व्हायचं. ही जन्मते समुद्रात, नेमकी कुठे ते अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पानासारखं चपटं, आरपार दिसणारं पिल्लू लाटांवर वाहत किनाऱ्याला लागतं, नदीत शिरतं आणि वर चढत आपल्या गावापर्यंत येतं. इथे वर्षानुवर्षं राहून मोठं होतं. मग एका पावसाळ्यात, पूर आला की, त्याच वाटेने परत समुद्रात जातं, एकदाच अंडी घालतं आणि तिथेच मरतं.

हे सगळं मी तोंड उघडं टाकून ऐकायचो. बाई थांबली की भाऊ विचारायचा, "का म्हणून राह्यल्या जी म्याडम?"

मी म्हणायचो, "हाच मासा पाहिजे म्हणतात. मिळाला की सांग."

बाईच्या भुवया वर जायच्या. "मी इतकं बोलले, आणि एवढंच?"

"आमची भाषा आटोपशीर आहे," मी म्हणायचो. ती हसायची. मीही हसायचो. भाऊ दोघांच्या तोंडाकडे बघून उगाच हसायचा.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उन्हात डोंग्यात बसून सगळं दोनदा बोलायचा कंटाळा, हे एक कारण. पण तेवढंच असतं तर बरं झालं असतं. खरं म्हणजे मी माझ्याच मनाशी ठरवून टाकलं होतं की याला याचं काय. नागपूरपलीकडे न गेलेल्या माणसाला समुद्राच्या गोष्टी कशाला? त्याला मासा कळतो, मासा सांगितला, संपलं. आणि त्याच गोष्टी मी शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकांना सांगायचो, तेव्हा मात्र माझी भाषा अजिबात आटोपशीर नसायची. हातवारे करून, आवाज बदलून, पानासारखं पिल्लू तळहातावर काढून दाखवत सांगायचो. सगळे वा वा करायचे. जाळं ज्याच्या हातात होतं त्याला सोडून मी साऱ्या गावाला वामीची गोष्ट सांगितली.

बाईची शेवटची फेरी भाद्रपदात झाली. तिला वरून काम गुंडाळायला सांगितलं होतं, आता वाम मिळाली तर मिळाली, नाहीतर हात हलवत परत. नदी दुथडी भरलेली, गढूळ. हेच दिवस वाम खाली उतरण्याचे, म्हणून ती रोज सकाळी घाटावर जाऊन उभी राहायची आणि रोज रिकामी यायची. जायच्या दोन दिवस आधी भाऊने सांगून ठेवलं, "उद्या सांजेले म्याडमले घेऊन घरी या. आमच्या घरचं जेवल्याबिगर पावना जात नसते." त्यांच्यात ही रीतच आहे. पाहुणा निघताना त्याच्यापुढे घरातलं सगळ्यात चांगलं ठेवायचं, आणि नदीवरच्या घरात सगळ्यात चांगलं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत असताना भाऊचा फोन आला. "गुरुजी, एक गोष्ट सांगू का तुमाले? आज ना..." समोर पोरांचा गोंधळ चालला होता. मी म्हटलं, "अरे, संध्याकाळी येतोच आहे ना, तेव्हा सांग." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी आम्ही गेलो. अंगण सारवलेलं, ओसरीत सतरंजी घातलेली. भाऊ धुतलेला शर्ट घालून दारात उभा. त्याची बायको आत चुलीपाशी होती, लसणाचा आणि तिखटाचा वास बाहेरपर्यंत येत होता. पाट मांडले, ताटं आली. भात, आणि लाल रश्शात माशाचे मोठे मोठे गोल तुकडे. भाऊने स्वतःच्या हाताने बाईच्या ताटात वाढलं आणि छाती फुगवून मला म्हणाला, "सांगा त्याइले. वरीसभर जे मागत होत्या, ते आज ताटात हाये."

मी ताटाकडे बघितलं. जाड, गोल तुकडा. पाठीवर काट्यांची खूण नाही. कातडीवर, रश्शाखालून दिसणारी पिवळट नक्षी.

बाईने माझ्या आधी ओळखलं होतं. तिचा हात ताटाशीच थांबला. ती अगदी हळू म्हणाली, "ही जिवंत होती का, विचार."

मी विचारलं. भाऊ खुशीत आला. "जित्ती म्हंजे! पाह्यटे जाळ्यात गावली. दुपारलोक ड्रमात ठेवली होती, असे हिसके देत होती! सकाळी तुमाले तेच सांगून राह्यलो होतो, तं तुमी म्हणले सांजेले सांग. मंग म्हणलं, जाऊ दे, ताटातच दाखवू."

म्हणजे मी पोरांना फळ्यावर गणित घालत होतो तेव्हा ती ड्रमात जिवंत होती. बाई घाटावर उभी होती, पिशवीत यंत्र होतं, आणि दोघींमधे चालत पोचण्याएवढं अंतर होतं. मी हे बाईला सांगितलं. फोनचं सोडून सगळं सांगितलं.

दारात भाऊची बायको वाटी घेऊन उभी होती, पाहुणीला आवडतं की नाही ते बघायला. बाईने तिच्याकडे बघितलं, तुकडा मोडला, भातात कालवला आणि खाल्ला. नीट चावून खाल्ला. मग मान हलवून तिने हाताने छान अशी खूण केली. बायकोचा चेहरा असा फुलला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी घास घेतला. चव उत्तम होती, हे जास्तच वाईट.

भाऊची बायको जवळ येऊन बसली. आता ती मोकळी झाली होती. "मले तं आधी भेवच वाटला गुरुजी," ती म्हणाली. "राखेनं घासली, कापली, तं पोटात काईच नाई. आतडी अशी दोऱ्यावानी बारीक. बिमार हाये का म्हणलं. पन मांस पाहा किती चांगलं निंगालं."

"काय म्हणते ती?" बाईने विचारलं.

तोंडावर आलेलं वाक्य होतं: काही नाही, मासा ताजा होता म्हणते. मी ते गिळलं आणि ती जे बोलली ते सगळं, राखेपासून दोऱ्यासारख्या आतड्यापर्यंत, जसंच्या तसं सांगितलं.

बाईने घास ताटात ठेवला. म्हणाली, "मग ती आजारी नव्हती. समुद्राकडे निघायची वेळ झाली की ती खाणं सोडते. पुढे कधीच खात नाही, पोट आटून जातं. ती निघाली होती."

भाऊने विचारलं, "का म्हणून राह्यल्या?"

"म्हणतात, वाम निघाली होती."

"निंगाली होती? कुठी?"

वर्षभर तो माणूस आम्हाला डोंग्यात घेऊन फिरला, आणि त्याला "कुठी" हे विचारावं लागलं. मग मी सांगायला लागलो. समुद्र सांगितला, पानासारखं पिल्लू सांगितलं, नदीत चढून येणं, इथे मोठं होणं, पुरात परत जाणं, एकदाच अंडी घालणं. बंधारे सांगितले, पिशवीतलं यंत्र सांगितलं, आणि यंत्र बसवून सोडायला एक जिवंत वाम हवी होती तेही सांगितलं. हातवारे करायची सवय, पण हात मांडीवरून उचललाच जाईना. रस्सा गार झाला. भाऊची बायको पदर तोंडाशी धरून ऐकत होती, आणि मधेच तिने कढईवर झाकण ठेवलं.

मला वाटलं, भाऊ आता माझ्यावर चिडेल. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने विचारायला हवं होतं, हे मले आधी काऊन नाई सांगितलं? मी उत्तरही तयार करून ठेवलं होतं, कुठलं तरी लंगडं.

पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो बाईच्या ताटाकडे बघत होता. तसाच बसून म्हणाला, "म्हंजे घरी जाऊन राह्यली होती, अन् आमी तिले रस्त्यातच कापलं."

उठून तो बाईसमोर आला. एवढा आडदांड माणूस, त्याला हात कुठे ठेवावे कळेना. मग त्याने ते जोडले. "म्याडमले सांगा गुरुजी, चुकी माही झाली. मले मालूम नवतं."

बाई माझ्याकडे वळली. भाऊ उभा होता, त्याचे हात जोडलेलेच होते.

मी ते वाक्य तिला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणतो, चूक त्याची झाली, त्याला माहीत नव्हतं. बरोबर तेवढंच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून थांबून. मी मान खाली घातली आणि गार झालेला भात कालवायला लागलो.