जावई उपाशी राहील

मावशींना सख्खी बहीण नव्हती, तरी निम्मं शहर त्यांना मावशी म्हणत मोठं झालं होतं. त्यांची हयात पाळणाघरात गेली. आई कामावर निघाली की भोकाड पसरणारं पोर त्यांच्या खांद्यावर यायचं, आणि आठवड्याभरात ते त्यांचं बोट सोडायला तयार नसायचं. पुढे ते शाळेत जायचं आणि रस्त्यात भेटलं तर आईच्या मागे लपायचं. “गरज सरो, वैद्य मरो,” असं मावशी हसत म्हणायच्या. ते हसू खोटं होतं. दर पोराच्या वेळी त्यांना वाटायचं, हे तरी आपल्याला विसरणार नाही.

पाळणाघर सुटलं आणि मावशी आपल्या मुलाच्या घरी बसल्या. बसल्या म्हणजे अक्षरशः बसल्या. सून कामाला वाघ, स्वयंपाकघरात दुसरा हात लागू द्यायची नाही. भांडं उचलायला गेलं की म्हणायची, “आई, तुम्ही बसा.” वाईट काहीच बोलत नव्हती बिचारी, पण ‘बसा’ हा शब्द मावशींना शिवीसारखा लागायचा. मग एक दिवस त्या शहराबाहेरच्या, म्हाताऱ्या आणि टाकून दिलेल्या जनावरांच्या निवाऱ्यात जाऊन धडकल्या आणि म्हणाल्या, “काहीही काम द्या. फक्त बसा म्हणू नका.”

तिथे बसायला सवड कुणाला होती? सकाळी पहिल्या बसने जायचं, लीद उपसायची, ओला पेंढा काढून कोरडा पसरायचा, टब घासायचे, गाजरं चिरायची, खुरांत अडकलेले खडे काढायचे. कुत्र्याच्या पिलाला छातीशी धरून फोटो काढायला येणारे हौशी स्वयंसेवकही असायचे. त्यांचे नव्याचे नऊ दिवस सरले की खराटे पुन्हा मावशींच्याच हातात. मुलगा चिडवायचा, “अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तू तर काही अडलं नसताना धरतेस.”

चाऱ्याच्या खोलीचा कारभार दाढीवाल्याकडे होता. हा पगारी माणूस, मनाने सरळ, पण तोंडात सदा तंबाखू. त्याच्या कपड्यांना, दाढीला, अगदी चाऱ्याच्या खोलीच्या दारालाही तंबाखूचा वास यायचा. मावशी त्याला त्यावरून रोज बोलायच्या आणि तो रोज मान डोलवायचा.

एका थंडीत वीटभट्टीवरून एक गाढव आलं. पाठीवर जुने व्रण, एक कान फाटका. ते तोंड भिंतीकडे करून उभं राहिलं आणि टबाकडे ढुंकूनही बघेना. दाढीवाला म्हणाला, “रुसलाय. आग्रह केल्याशिवाय घास उतरायचा नाही याच्या गळ्याखाली. जावईच दिसतोय.” तेव्हापासून ते जावई झालं. चाऱ्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आपला कामाचा विटकरी स्वेटर घालून मावशी त्याच्याजवळ तासन्‌तास उभ्या राहिल्या, बोलत राहिल्या, आणि शेवटी त्याने त्यांच्या तळहातावरचा गाजराचा तुकडा ओठांनी चाचपत उचलला. मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

निवाऱ्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा नियम मात्र सक्त होता. पहिले दोन दिवस हातावर भरवा, मग टब. “माणसं इथे येतात आणि जातात, जनावर एकाच हाताला लावून ठेवू नका,” असं त्या प्रत्येक नव्या माणसाला बजावायच्या. मावशींनी मान डोलावली आणि पुढे आपलं तेच चालू ठेवलं. टब समोर असला तरी गाजर त्यांच्या हातातच असायचं. एकदा एका कॉलेजच्या मुलीने टब पुढे सरकवला आणि जावयाने त्यात चक्क तोंड घातलं. मावशींनी ते पाहिलं, आणि कुंपणापलीकडून जिभेने टक्‌टक्‌ करत त्याला हाक मारली. टब सोडून तो त्यांच्याकडे आला. मुलगी हिरमुसली. मावशी घरी आल्या त्या हवेत तरंगतच. सुनेला म्हणाल्या, “उद्या मी गेले नाही ना, तर जावई उपाशी राहील.”

या आनंदात त्यांनी दाढीवाल्याला आपली पाळणाघरातली सगळी विद्या सांगून टाकली. नवं पोर झोपत नसलं की त्याच्या आईची न धुतलेली ओढणी मागून घ्यायची आणि उशाशी ठेवायची. पोराला वाटतं, आई इथेच आहे. “वासाला भुलतात रे,” मावशी म्हणाल्या. “बिचारी.”

आणि एक दिवस त्या न्हाणीघरात घसरल्या. मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला, डॉक्टरांनी बाहेर पडायची बंदी केली. मुलाने निवाऱ्यात फोन करून कळवून टाकलं, आई आता महिना-दीड महिना येणार नाही.

मावशींना मनगटाचं दुखणं काहीच वाटलं नाही. फोन वाजला की त्या उठून बसायच्या. आता दाढीवाला म्हणेल, जावई खात नाही, गाडी पाठवतो, नुसतं येऊन भरवून जा. रिक्षात हात कसा धरायचा, मुलाला काय सांगायचं, सगळं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. फोन यायचे ते गॅसवाल्याचे, सुनेच्या आईचे.

“एवढी काळजी वाटते, तर तुम्हीच लावा ना फोन,” सून म्हणाली.

“कामात असतील ती लोकं,” मावशी म्हणाल्या.

खरं कारण वेगळं होतं. फोन लावला आणि तो छान खातोय असं कुणी सांगितलं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. पुढे पुढे त्यांनी ठरवूनच टाकलं की जावई गेला असणार आणि आपल्यापासून लपवतायत. त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडल्या. रडता रडता त्यांना एक विचित्र समाधानही वाटत होतं, आणि ते त्यांना कळतही होतं.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या सकाळी त्या शाल गुंडाळून पहिल्या बसने गेल्या. जावई गोठ्यात उभा होता. चांगला भरला होता, व्रणांवर केस आले होते, तोंड टबात होतं.

“या, या, मावशी,” दाढीवाला खुशीत म्हणाला. “बघा कसा टुणटुणीत झालाय.”

“खाल्लं कसं त्याने?”

“तुमचीच युक्ती. पहिला दिवस हट्टाने उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी तुमचा तो खिळ्यावरचा स्वेटर मी अंगात चढवला आणि हातावर गाजर धरलं. खाल्लं की त्याने. चार दिवसांनी टबातही तोंड घालायला लागला. मग थंडी होती म्हणून स्वेटर मीच वापरत राहिलो. राग नाही ना आला?”

“राग कसला?” मावशी म्हणाल्या. एकच दिवस. त्यांच्यासाठी तो एकच दिवस उपाशी राहिला होता. जनावर जगलं याचं आपल्याला वाईट वाटतंय, हे त्यांना स्वच्छ समजलं आणि स्वतःची किळस आली. किळस आली तरी वाईट वाटायचं काही थांबलं नाही.

दाढीवाला पेंढा आणायला गेला. मावशींनी गाजर हातावर ठेवलं आणि जिभेने टक्‌टक्‌ केलं. जावयाने मान वर करून पाहिलं, फाटका कान हलवला, आणि परत टबात तोंड घातलं.

मावशी चाऱ्याच्या खोलीत गेल्या. शाल काढली, खिळ्यावरचा आपला विटकरी स्वेटर काढून अंगात घातला. दुखऱ्या मनगटाला बाहीतून जाताना कळ आली. बाहेर येऊन पुन्हा हात पुढे केला. या वेळी जावई टब सोडून सरळ चालत आला, बाहीला नाक लावून हुंगलं, आणि गाजर उचललं. मावशींचा जीव सुपाएवढा झाला.

“ओळखलंस ना रे? ओळखलंस ना मला?” असं म्हणत त्यांनी डोळे पुसायला बाही चेहऱ्याशी नेली.

बाहीला तंबाखूचा वास येत होता.

जावई दुसऱ्या तुकड्यासाठी हात चाचपत होता. मावशींनी बाही खाली घेतली. मग त्यांनी खिशातून गाजराचा आणखी एक तुकडा काढला आणि त्याच्यापुढे धरला.