डाव्या हाताची भिंत

वडिलांना हॉटेलात न्यायला मला खोटं बोलावं लागलं. शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न आहे, धुळ्यात मुक्काम करावा लागेल, असं सांगून मी आबांना जळगावहून गाडीत घातलं. आबा जन्मभर गवंडी. चुन्याचं काम येणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून दोन वर्षांपूर्वी धुळ्यातल्या कापसाच्या व्यापाऱ्याची एक जुनी दगडी कोठी हॉटेलासाठी दुरुस्त करायला घेतली तेव्हा ठेकेदाराने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. वरच्या मजल्यावर, उगवतीच्या खोलीत गिलावा करताना त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. माणूस हट्टी. शेवटची भिंत त्यांनी डाव्या हाताने पुरी केली. दुसऱ्या दिवशी ठेकेदार गोड आवाजात म्हणाला, "आबा, आता आराम करा."

आबांनी त्याचा एकच अर्थ काढला. भिंत बिघडली, आणि आपल्यामागे ती खरवडून दुसऱ्याकडून करून घेतली असणार. तेव्हापासून त्यांनी थापीला हात लावला नाही. माझ्या घरच्या मागच्या भिंतीला पोपडे धरले होते, तर तिच्याकडे पाठ करून बसायचे. शेवटी मी वैतागून तिच्यासाठी सोमवारपासून एक दुसरा ठेकेदार ठरवला आणि त्याच तिरीमिरीत हॉटेलात फोन करून नेमकी ती खोली मागून घेतली. भिंत खरंच खरवडलेली निघाली तर काय, हा विचार मला निम्म्या वाटेत सुचला. मी अशीच आहे, आधी उडी आणि मग पाणी किती ते बघणं.

फाटक दिसताच आबांनी सगळं ओळखलं. माझ्याकडे असं बघितलं की लग्नाचं नाव काढायची सोय उरली नाही. नक्षीचे दरवाजे, चकचकीत पितळी कड्या, पांढऱ्याशुभ्र चादरी, कशाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. चपला दाराबाहेर काढून ते आत आले आणि त्या शेवटच्या भिंतीकडे पाठ करून झोपून गेले. मला फार अपराधी वाटत राहिलं.

सकाळी पाण्याच्या आवाजाने जाग आली. टेबलावरचा शोभेचा तांब्या भरून घेऊन आबा ओंजळीने भिंतींवर पाणी मारत होते. उशी भिजली होती, गालिचा भिजला होता.

"आबा! हाकलून देतील आपल्याला!"

"चुनानी भित शे, तिले पानी लागस," मागे न बघता ते म्हणाले. "वल्ली भित हात दखाडस."

खिडकीतून कोवळं ऊन तिरपं आलं होतं. ओल्या गिलाव्यावर थापीच्या फिकट कमानी दिसायला लागल्या. बाकीच्या भिंतींवरच्या, उजव्या हाताच्या कमानी एका बाजूला झुकलेल्या, ह्या शेवटच्या भिंतीवरच्या बरोबर उलट्या. आबांनी डावा हात उचलला आणि भिंतीला न लावता एका कमानीवरून फिरवला. हात तंतोतंत तिच्यावरून गेला.

"मन्ही शे," ते म्हणाले. "बठ्ठी मन्ही शे, माय." सगळी त्यांचीच, कुणी खरवडलीच नव्हती. आणि ते रडायला लागले. मग मीही रडले, अगदी हुंदके देऊन.

तेवढ्यात चहा घेऊन एक बाई आली आणि दारातच थबकली. मी गालिच्याबद्दल माफी मागायला लागले.

"राहू द्या ताई, वाळेल," ती म्हणाली. "पण ह्या भिंतीला जपा हं. पाहुणे हिच्यापुढेच फोटो काढतात. मालक हिच्यावर साधा खिळासुद्धा ठोकू देत नाहीत."

आबांनी तांब्या जागेवर ठेवला. डाव्या हाताने कप उचलला आणि फुंकर न घालताच चहा प्यायले.

परतताना धुळं मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेरच्या भिंती बघत होते. मग म्हणाले, "तुन्ही मांगली भितनं काय?"

"सोमवारी माणूस येतोय."

"त्याले नको म्हन. पहिले चुना भिजाडना पडी."

मी गाडी कडेला घेऊन ठेकेदाराला फोन लावला. तो उचलेपर्यंत आबा डाव्या हाताने खिडकीच्या काचेवर कमानी काढत होते. उजवा मांडीवर थरथरत होता, पण तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.