श्रीगोंदा ते पुणतांबा, राहुरीला अडलेल्या मोटारीतून

लेकीला आठवा सरत आला होता आणि त्या दिवशी सांजेला अमावस्या लागत होती. ती लागली की पुणतांब्याच्या विहीणबाई तिला उंबऱ्याबाहेर काढणार नव्हत्या. पुढे नववा, त्यात प्रवास नाही, म्हणजे माहेरचं बाळंतपण बुडालंच. म्हणून सकाळीच श्रीगोंदा सोडलं. मोटार भाच्याची, बबनची. जुनी, पण पुसून लख्ख.

नगरपर्यंत रस्ता बरा, वर श्रावणाची रिमझिम. तुम्ही गेलात तर भाकरी घरून बांधून न्या. स्टँडापाशी चहा तेवढा घेण्यासारखा. नगर सोडलं आणि मोटारीला उचक्या लागल्या. देहऱ्याला एकदा बंद पडली, पुढे तीनदा.

"बब्या, मोटार हाय का रुसलेली सून?"

"पेट्रोलात कचरा असंल, आत्या."

"कचरा तुझ्या डोक्यात हाय. बैलगाडीनं पोचले असते!"

राहुरीत लोकांनी ढकलत मिस्त्रीच्या दारात नेली. दुपार कलली होती. माझा जीव काही बाकावर टिकेना. मिस्त्री म्हातारा, कामात सावकाश. पेट्रोल बघितलं, येत होतं. बारका दिवा लावून बघितला, बॅटरीची वीज ठिणगी पाडणाऱ्या कॉईलपर्यंत पोचत होती. मग कॉईलमधून निघणारी जाड वायर इंजिनाजवळ धरली. "मार हँडल!" ठिणगी नाही.

"कॉईल गेली म्हना की," बबन रडकुंडीला आला.

मिस्त्रीनं डोक्यावर गोणपाट घेतलं, अंधार केला आणि परत हँडल मारायला लावलं. "हितं पळतीय ठिणगी! ह्ये काय बांधलंय कॉईलच्या मानेला?"

काळ्या चिंधीतली मीठ-मोहरीची पुडी. गर्भार लेक मोटारीत बसणार, दृष्ट नको म्हणून आदल्या दिवशी मीच बांधलेली. तीच मान सोयीची दिसली.

"आजी, पावसाळी हवेत मीठ पाझरलं. सगळी वीज ह्या वल्या चिंधीतनं पळाली."

त्यानं पुडी फेकली, कॉईल कोरडी पुसली. वायरीतून निळी ठिणगी चट्‌कन उडाली आणि मोटार घुमली. बबन माझ्याकडे बघून हसलासुद्धा नाही. ते जास्त लागलं.

पुणतांब्याला पोचलो तेव्हा ऊन उसाच्या शेंड्यावर होतं. विहीणबाई ओटीचं ताट घेऊन दारातच उभ्या. "एवढा उशीर?"

मी तोंड उघडायच्या आत बबन म्हणाला, "माझीच चूक. प्लग साफ केलं न्हवतं."

अमावस्या लागायच्या आत लेकीला घेऊन निघालो. ती माझ्या घरी सुखरूप बाळंत झाली. पण वाटभर त्याला बोलले, त्यातलं काही परत घेता येईना. त्या दिवशी घरी उतरल्यावर एवढंच म्हटलं, "बबनराव, जेवून जा."

त्यानं मागं वळून बघितलं, कोण पाहुणा आलाय म्हणून.